खुंट्याला दुसरा हात

गंगाखेडला गोदावरीच्या काठी जनाबाईचे देऊळ आहे. परभणीहून परळीला जाणारी रेल्वे याच गावावरून जाते आणि शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखीसुद्धा परभणीनंतर गंगाखेड करूनच परळीकडे वळते. ज्या जनाबाईमुळे गावाला हा मान आहे, ती मात्र इथे फार दिवस राहिलीच नाही. दमा आणि करुंड या दांपत्याची ही पोर लहानपणीच पंढरपुरात दामाशेटी शिंप्याच्या घरी आली आणि मरेपर्यंत तिथेच राबली. दामाशेटींचा मुलगा म्हणजे संत नामदेव. जनाबाईने आयुष्यभर आपली ओळख नामयाची दासी एवढीच सांगितली. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या या बिनपगारी बाईच्या नावावर आज साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत, आणि मराठीत एका बाईचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत कसा जातो याचा इतका बारीक हिशेब त्याआधी कोणी मांडलेला दिसत नाही.

त्या हिशेबात दळण आहे, कांडण आहे, झाडलोट आहे, पाणी भरणे, शेण गोळा करणे, गोवऱ्या थापणे, धुणे धुणे आहे. आणि प्रत्येक कामाला एक मदतनीस आहे. विठ्ठल तिच्यासोबत दळतो, कांडतो, केर भरतो, नदीवर धुणे बडवतो, तिच्या डोक्यातल्या उवासुद्धा काढतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे म्हणून जे जाते दाखवतात, ते बघायला आजही रांग लागते. भाविक हात जोडतात, काही जण खुंटा धरून एखादा फेरा फिरवतात.

या कथांमधली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. जनाबाईला वेळ पुरत नाही हे देवाला ठाऊक आहे, पण तो तिला सल्ला देत नाही. अजून तासभर आधी ऊठ, कामांची यादी कर, आधी महत्त्वाचे उरक, मन शांत ठेव, यातले काहीही विठ्ठल बोलत नाही. तो येतो, समोर बसतो आणि खुंटा धरतो.

नोकरी आणि घर यांचा मेळ घालण्याचे धडे देणारी शिबिरे आता तालुक्याच्या गावीही भरतात. त्यांत पहाटे पाचला उठण्याचे फायदे सांगतात. परभणी जिल्ह्यातल्या ज्या बाईला स्वयंपाक उरकून, पोरांचे डबे भरून, शेळीला चारा टाकून मग कापूस वेचायला जायचे असते, ती त्याआधीच उठलेली असते. तिला हा सल्ला कोण देणार आणि कशासाठी?

काम, घर आणि देव यांच्यात वेळ कसा वाटायचा, या प्रश्नाला जुन्या धर्मशास्त्राने दिलेले उत्तर दिवसाचे नव्हते, आयुष्याचे होते. आधी शिक्षण, मग संसार, मग हळूहळू वनाची वाट, शेवटी संन्यास. चार आश्रम म्हणजे जन्माचे वेळापत्रकच. कागदावर ते मोठे सुबक दिसते. पण ते आखताना डोळ्यांसमोर पुरुष होता, तोही द्विज. बाईला त्यात स्वतःचा आश्रम नव्हता; नवऱ्याच्या आश्रमात तिची जी जागा असेल ती. शूद्राला तर गृहस्थाश्रमापलीकडे बहुधा वाटच नव्हती. म्हणजे ज्यांच्या कष्टावर बाकीच्यांचा निवांतपणा उभा राहायचा, त्यांच्या निवांतपणाचा विचारच या व्यवस्थेने केला नव्हता.

हे वेळापत्रक चुकले तर काय होते, ते याच गोदाकाठाने पाहिले आहे. आपेगावच्या विठ्ठलपंतांनी बायको घरी असताना काशीला जाऊन संन्यास घेतला. ती हकीकत कळल्यावर गुरूंनीच त्यांना संसारात परत पाठवले. मग निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई जन्मले, आणि संन्यासी परत संसारी झाला म्हणून समाजाने सगळ्या कुटुंबाला वाळीत टाकले. वारकरी पंथाचा पाया घालणारे घरच असे संसार आणि परमार्थ यांच्या ओढाताणीत भरडले गेलेले होते. पुढे त्या पंथाने आयुष्याचे चार तुकडे करायचे सोडून दिले, यात म्हणूनच नवल नाही. संसार आणि देव एकाच दिवसात, एकाच घरात बसवायचे ठरले. सावता माळी अरणच्या मळ्यातून हलला नाही. भाजीपाल्यातच आपला विठ्ठल आहे म्हणाला.

कल्पना थोर, पण तिने एक नवा पेच उभा केला. आयुष्याची वाटणी करायची तर साठ-सत्तर वर्षे हाताशी असतात. दिवसाला चोवीसच तास असतात आणि घरातल्या एकाने कीर्तनासाठी काढलेले दोन तास कोणाच्या तरी वाट्यातून आलेले असतात.

ते कोणाच्या वाट्यातून आले, हे नामदेवांच्याच घरात कळते. नामदेवांचे कुळ नरसी बामणीचे. आज हे गाव हिंगोली जिल्ह्यात असले, तरी १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते. ज्या औंढा नागनाथला नामदेवांना विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले, तेही तसेच. नामदेव तीर्थयात्रांना गेले, उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. भारतभर फिरलेला एवढा मोठा मराठी संत त्या काळात दुसरा नाही. आणि इकडे पंढरपुरात आई गोणाई होती, बायको राजाई होती, नारा, विठा, गोंदा, महादा असे चार मुलगे होते, मुलगी लिंबाई होती, पुढे सुना आल्या. घर खायला मागत होते.

गोणाईच्या आणि राजाईच्या नावावरही अभंग आहेत, आणि ते तक्रारीचे आहेत. मुलाला देवाने नादी लावले म्हणून आई थेट विठ्ठलाशी भांडते. घरात दाणा नाही, पोरांच्या अंगावर धड कपडा नाही, आणि नवरा देवळात टाळ कुटत बसतो, असे गाऱ्हाणे राजाई रुक्मिणीच्या कानावर घालते. ते अभंग नेमके कोणी रचले यावर अभ्यासकांना वाद घालता येईल. पण परंपरेने ते नामदेवांच्या गाथेत सांभाळून ठेवले, फेकून दिले नाहीत, ही साधी गोष्ट नाही. संताच्या भक्तीची किंमत त्याच्या बायकोने मोजली, याची नोंद भक्तांनीच करून ठेवली आहे. तुकोबांच्या बायकोला, देहूच्या जिजाईलाही, नंतरच्या कीर्तनकारांनी कजाग ठरवून हशा मिळवला. तुकोबा डोंगरावर गेले की भाकरी घेऊन मागे जायची ती हीच बाई, हे त्या हशात हरवते.

सगळ्यात अवघड कथा गोरोबाकाकांची. तेरचे गोरा कुंभार चिखल तुडवत होते. बायको बाळाला अंगणात ठेवून, जरा लक्ष ठेवा म्हणून पाण्याला गेली. गोरोबा नामस्मरणात इतके रंगले की रांगत आलेले बाळ त्यांच्या पायाखाली आले. पुढे पंढरपुरात देवाने ते बाळ परत दिले, असे कथा सांगते. कीर्तनात ही कथा तल्लीनतेचा कळस म्हणून येते. पण तिच्या मध्यभागी एक अगदी घरगुती करार आहे: पाणी आणायचे काम तिचे, तेवढ्या वेळापुरते पोर त्याचे. तो करार मोडला. चमत्कार वजा केला तर उरते ती एक आई, जिने पाण्याची घागर भरण्यापुरता वेळ मागितला होता.

जांबचे समर्थ रामदास या सगळ्यांपेक्षा शिस्तीचे. परभणीच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले हे गाव. दासबोधात त्यांनी पहाटे उठण्यापासूनची दिनचर्या घालून दिली आहे आणि संसार नीट केल्याशिवाय परमार्थाकडे वळू नये असेही बजावले आहे. वेळेच्या शिस्तीवरचे मराठीतले हे पहिले ठसठशीत मार्गदर्शन म्हणायला हरकत नाही. फक्त ते लिहिणारा गृहस्थ बोहल्यावर ‘सावधान’ ऐकून पळाला होता, असे त्यांचेच चरित्रकार सांगतात. संसाराचे वेळापत्रक आखणाऱ्यांत संसार न करणारे बरेच सापडतात, त्याला समर्थही अपवाद नाहीत.

म्हणून पुन्हा जनाबाईकडे यावे लागते. तिला नवरा नाही, पोर नाही, मजुरी नाही. ती घरातली सगळ्यात खालची. ती देवाकडे वेळ मागते तेव्हा दुसऱ्या कोणाच्या ताटातला मागत नाही, कारण तिच्याखाली कोणी उरलेलेच नाही. राजाईच्या वाट्याला आलेले काम ती थोडेबहुत जनीवर ढकलू शकत होती. जनी कोणावर ढकलणार? तिथेच देवाला यावे लागले.

जाते ज्यांनी चालवले आहे त्यांना यातली खोच लगेच कळेल. मोठ्या जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, दोघींचे पाय जात्याच्या दोन्ही अंगांना पसरलेले. खुंटा एकच. त्यावर दोघींचे हात एकावर एक येतात. एकीने आपल्याकडे ओढायचे, दुसरीने तिच्याकडे. मोकळ्या हाताने मूठ मूठ ज्वारी जात्याच्या तोंडात सोडायची. एकटीने ओढले तर खांदा भरून येतो आणि पायलीभर दळायला पहाट सरते. दोघी असल्या की तेच जाते हलके होते आणि मग तोंड मोकळे राहते गायला. ओवी सुचते ती इथे. हेमा राइरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, सासूचा जाच आहे, राम-सीता आहेत, पंढरी आहे, बाबासाहेबही आहेत. एवढे मोठे साहित्य बायकांनी रचले ते फावल्या वेळात नव्हे. हात कामात असताना, समोर दुसरी बाई होती म्हणून रचले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. देव दळायला येतो असे दासीला वाटू लागले, तर ती दळतच राहील. मालकाचे बरेच आहे. काम हीच पूजा, हे वाक्य ज्याला पूजेला वेगळा वेळ मिळतो त्यानेच कामवाल्याला ऐकवलेले असते. कर्मयोगाचा असा वापर झाला नाही असे कोण म्हणेल? महिला दिनाच्या भाषणांतली जनाबाई पाहा: सगळी कामे हसतमुखाने उरकून वर भक्ती करणारी, आजच्या तारेवरच्या कसरतीची आदर्श. ही जनाबाई भाषणकर्त्यांनी बनवलेली आहे. मुळातली जनाबाई थकते, विठ्ठलाला शिव्या घालते, डोईवरच्या पदराची पर्वा न करता भरल्या बाजारात जायची भाषा करते. आणि मुख्य म्हणजे तिच्या दळणात कधीच एकटी बाई नाही. एकटीनेच सगळे पेलावे, असा अर्थ काढायला तिच्या अभंगांत आधार सापडत नाही. देवाने दळावे, हे त्या काळात कोणाला तरी म्हणावेसे वाटले, कारण घरातल्या कोणी दळावे असे म्हणायची सोय नव्हती.

विजेची गिरणी आली आणि जाती अडगळीत गेली. पहाटेचे दोन-अडीच तास बाईच्या हाती आले. ते कुठे गेले? विश्रांतीत गेले असे कोणी सांगत नाही. खुरपणीला गेले, वेचणीला गेले, पोरांच्या शाळेच्या धावपळीत गेले. गिरणी चांगलीच, तिच्याविरुद्ध गळा काढायचे कारण नाही, ओव्यांच्या ओढीने तर मुळीच नाही. पण वाचलेला वेळ ज्याने वाचवला त्याच्याच खिशात पडतो असे नाही, हे गिरणीने दाखवून दिले. परभणीच्या कृषी विद्यापीठात, म्हणजे आताच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, शेतकरी बाईच्या कामातले कष्ट हा संशोधनाचा विषय आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे लोक बियाण्यांसाठी जातात, पण बाईची दमछाक कमी करणारी साधने शोधणारा हा विभागही तितकाच मोलाचा आहे. साधनांनी कंबर वाचते. तास वाटून घ्यायला मात्र माणूसच लागतो.

देशभराचे आकडे पाहिले तर हा माणूस फारसा पुढे आलेला नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि जे पुरुष घरकाम करत होते ते ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात बायकांची २८९ मिनिटे झाली. पाच वर्षांत दहा मिनिटे सुटली म्हणायची, पण पुरुषांचीही ९७ वरून ८८ वर आली. म्हणजे तिचे काम त्याने उचलले असे नाही. शिवाय ही ८८ मिनिटे काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे. दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सत्तावीसच निघाले, बायका एक्क्याऐंशीहून अधिक.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर काम आणि घर यांच्यातली भिंतच पडते. सोनपेठ, गंगाखेड, पालम या भागांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादम उचल देतो ती एका कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हिशेबाच्या वहीत ती दोघे मिळून एक. फडात दोघेही राबतात. पण पहाटे चूल पेटवायची, पाणी आणायचे, पाचटावर पोर झोपवायचे आणि रात्री गाडी भरून झाल्यावर पुन्हा चुलीपाशी बसायचे, हे त्या एका कोयत्यातल्या एकीचेच काम. वहीत तिला वेगळा रकाना नाही.

परभणी जिल्ह्यात बौद्ध समाज मोठा आहे, आणि गृहस्थाने वेळ आणि कष्ट कसे वाटावेत याचे फार व्यवहारी उत्तर बुद्धाच्या उपदेशात आहे. सिगालोवाद सुत्तात सहा दिशांना नमस्कार घालणाऱ्या एका तरुणाला बुद्ध सांगतात की दिशा म्हणजे नाती: आईबाप, गुरू, बायको-मुले, मित्र, नोकर-चाकर, श्रमण-ब्राह्मण. प्रत्येकाशी कसे वागायचे याची कर्तव्ये ते मोजून देतात. त्यांत मालकाची पाच आहेत: कुवत पाहून काम द्यावे, जेवण आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी. सुट्टी हे मालकाचे धर्मकर्तव्य आहे, असे इतक्या जुन्या काळी इतक्या साध्या शब्दांत सांगितलेले वाचून थक्क व्हायला होते. दामाशेटींच्या घरी हे सुत्त पोहोचले असते तर विठ्ठलाचे बरेच काम वाचले असते.

बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाची दोन्ही टोके पाहिली. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बाजूने भाषण केले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी कामाचे तास कमी करण्याचा आग्रह धरला, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आणि त्याच १९२८ साली ‘बहिष्कृत भारत’मध्ये त्यांनी स्वतःच्या घराबद्दल लिहिले होते: आपण परदेशात शिकत असताना प्रपंचाची काळजी जिने वाहिली, आपण परतल्यावरही जिने शेणाच्या पाट्या स्वतःच्या डोक्यावर वाहिल्या, त्या रमाईला चोवीस तासांतला अर्धा तासही आपल्याला देता आला नाही. सार्वजनिक कामाची किंमत कोण भरतो हे त्यांनी स्वतःच्या वर्तमानपत्रात छापले. तक्रार राजाईची, पण कबुली नवऱ्याची, असे हे मराठीतले दुर्मीळ पान आहे.

अठ्ठेचाळीस तासांचा तो नियम कारखान्याच्या फाटकापर्यंत येतो. मानवतच्या कापसाच्या रानात किंवा सेलूच्या सोयाबीनमध्ये भोंगा वाजत नाही. तिथे रोजाचा भाव तोंडी ठरतो, आणि बाईचा रोज गड्याच्या रोजापेक्षा कमी. का, असे विचारले तर बांधावर उत्तर तयार असते: बायका उशिरा येतात आणि दिवस मावळायच्या आत घराकडे पळतात. त्या उशिरा येतात कारण तोवर सगळ्या घराचा स्वयंपाक झालेला असतो, आणि रोज कमी असल्याची सबब सांगणाऱ्या गड्याच्या फडक्यात बांधलेली भाकरीही त्याच स्वयंपाकातली असते.